दोनशेची रेघ आणि भिवापूरची मिरची

फाल्गुन लागला की आमच्या घरात शिंकांचा मोसम सुरू होतो. वर्षाचं तिखट करायचं म्हणून बायको भिवापूरहून दहा किलो मिरची मागवते, गच्चीवर जुन्या चादरी अंथरते आणि मला राखणीला बसवते. मिरचीला राखण कशाला, मिरची कोण पळवणार, असं मी दरवर्षी विचारतो. "पोपट येतात," ती म्हणते, "आणि तुम्हाला दुसरं कोणतं काम जमतं?" दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसानं अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मी खुर्ची ओढतो, डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि बसतो.

तसा नागपूरचा फाल्गुन मला मनापासून आवडतो. थंडी गेलेली असते आणि ऊन अजून जिवावर उठलेलं नसतं. सायकलला बांधून ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या येतात. उमरेड रोडच्या पळसांवर पान म्हणून दिसत नाही, नुसती केशरी फुलं. घराघरातले कूलर बाहेर निघतात, त्यांच्यातलं जुनं गवत अंगणात झटकलं जातं आणि त्याचा धुळकट ओलसर वास सगळ्या गल्लीत पसरतो. त्यात मिरचीचा एखादा टेम्पो गेला की मागे चार घरं शिंकत राहतात. मला त्या वासानं गोळ्या आठवतात. पांढऱ्या, गोल, गुळगुळीत गोळ्या. लोकांना मिरची पाहून ठेचा आठवतो, मला गोळ्या. प्रत्येकाची धंद्याची खोड.

धंदा माझा गोळ्या मोजण्याचा. इथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात एआरटी केंद्र आहे, म्हणजे एचआयव्ही असलेल्यांना फुकट औषध मिळण्याची जागा. तिथे औषधाच्या खिडकीमागे माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. महिन्याच्या महिन्याला माणसं यायची, आपली औषधाची डबी परत आणायची. मी उरलेल्या गोळ्या स्टीलच्या ट्रेवर ओतायचो आणि पट्टीनं पाच-पाचचे गट सरकवत मोजायचो. साठ दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ एक, अठ्ठावीस दिवस झाले, म्हणजे चार उरायला हव्यात. चार उरल्या तर शाबास. सात उरल्या तर माझ्या भुवया वर. दोनच उरल्या तर आणखी वर, कारण माणूस माझ्याकडे येण्याआधी घाईघाईनं गोळ्या फेकून हिशेब जुळवायला गेला आणि चुकला. मला वाटायचं, या ट्रेपुढे कोणी खोटं बोलू शकत नाही. माझ्या स्वभावात ही एक खोट आहे. बेरीज जुळली की मी माणसाकडे पाहायचं सोडून देतो.

हे ज्या दिवसांतलं आहे, तेव्हा फुकट औषध नुकतंच सुरू झालं होतं आणि भीती मात्र चांगली मुरलेली होती. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? पहिले काही महिने आमच्या घरात माझा शर्ट वेगळ्या बादलीत भिजायचा. मी पाहूनही न पाहिल्यासारखं करायचो, कारण मी स्वतःच खिडकीवरून परतल्यावर तीन-तीनदा हात धुवायचो. औषधशास्त्राची पदवी भिंतीवर आणि नळाखाली मी. असं कशानं होत नाही, हे दिवसभर मीच लोकांना सांगायचो. एके दिवशी दोन्ही बादल्या एक झाल्या. कोणी काही बोललं नाही, संसारातल्या चांगल्या गोष्टी बहुधा अशाच होतात.

तर तो फाल्गुन. त्या फाल्गुनात माझ्यापुढे एकच प्रश्न होता, शकुन जगते की नाही.

शकुन भिवापूरची. नाव अर्थातच बदललंय, तिच्या नवऱ्याचंही. मिरची तेवढी खरी आहे. तिचा नवरा देविदास ट्रक चालवायचा. नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामातून माल भरायचा, रायपूर, संबलपूर, विजयवाडा करून आठ-दहा दिवसांनी परत. दोघांचीही तपासणी झाली, दोघांनाही निघालं. सहा वर्षांच्या मुलीला निघालं नाही. आता एचआयव्ही निघालं की औषध मिळतं, असं तुम्ही म्हणाल. तेव्हा तसं नव्हतं. अंगाची राखण करणाऱ्या ज्या पेशी रक्तात असतात, त्यांची मोजणी व्हायची. त्या मोजणीला आमच्याकडे सगळे नुसतं 'नंबर' म्हणायचे. हा नंबर दोनशेच्या खाली असेल तर औषध, वर असेल तर घरी जा, सहा महिन्यांनी या. औषध महाग होतं, थोडं होतं, आणि जास्त आजाऱ्याला आधी द्यायचं असा नियम होता. नियम करणारी माणसं वाईट नव्हती. पण दोनशेची ती रेघ नवरा-बायको पाहायची नाही. शकुनचा नंबर एकशेचाळीस होता, देविदासचा दोनशेसाठ. तिला डबी मिळाली, त्याला तारीख मिळाली.

आणि शकुनइतकी नेमकी बाई मी पाहिली नाही. दर महिन्याला एसटीनं यायची, डबी पुढे करायची, आणि मोजल्या की चार म्हणजे चार. तीन नाही, पाच नाही. मी तिच्यावर इतका खूश होतो की नाव न घेता बाकीच्यांना सुनवायचो, "माझ्याकडे एक बाई येते, तिच्याकडून शिका." ती तेव्हा रांगेतच उभी असायची आणि पदराशी चाळा करत खाली बघायची. मला वाटायचं, लाजते.

सहा महिन्यांनी तिचा नंबर वाढायला हवा होता. तो होता तिथेच होता. फाल्गुनात पुन्हा तपासला तर एकशेदहा. आमच्या डॉक्टर मॅडम चष्मा काढून कागदाकडे बघत राहिल्या. गोळ्या रोज पोटात जाताहेत, मग नंबर का घसरतोय? याचा एकच अर्थ निघत होता, औषध फसलं. आणि हे औषध फसलं तर त्याच्या पुढचं दुसरं औषध तेव्हा आमच्याकडे फुकट मिळतच नव्हतं. मॅडम मला म्हणाल्या, "नक्की घेते ना ती?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "मॅडम, तिचं मोजणं मी केलंय."

चार दिवसांनी शकुन महिन्याचं औषध न्यायला आली. मिरचीचे दिवस, ती सातऱ्यावर जात होती. सातरा म्हणजे लाल मिरची पसरायचं मोकळं मैदान. बाया ओळीनं बसतात आणि दिवसभर मिरचीचे देठ खुडतात. कोपरापर्यंत तेल चोपडलं तरी हाताची आग होते. रात्री लेकराला जवळ घेताना बोटं मुठीत लपवून घ्यावी लागतात, असं तिनंच मागे सांगितलं होतं. तिची बोटं त्या दिवशीही लालबुंद होती. मी डबी ट्रेवर ओतली आणि जोरात शिंकलो. डबीत तिखट होतं.

"शकुनबाई, हे काय?"

"सातऱ्यावर जातो ना जी. हाताले मिरची राहते."

मी मान डोलावली आणि पट्टी सरकवली. चार गोळ्या. एका गोळीची कड फुटलेली, आणि तिला चिकटून दोन तपकिरी, चकचकीत, चपटे दाणे. मी चष्मा पुढे ओढला. जवस.

"मिरची समजलो. पण सातऱ्यावर जवस कुठून आलं?"

तिनं वळून पाहिलं. मागे रांग होती. मी माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं आणि तिला बाजूच्या खोलीत घेऊन गेलो. तिनं पाणी मागितलं, प्यायली, तोंड पुसलं आणि शांतपणे सांगायला सुरुवात केली. मला ते शब्द अजून जसेच्या तसे आठवतात.

"साहेब, घरात एकच भाकर असन तं बाई एकटीच खाते काय? त्यायले तुमी म्हनलं, तुमचा नंबर वर हाय, मंग या. म्हंजे मरायले टेकल्यावर या. मी म्हनलं ठीक हाय. सकाळची मी खातो. संध्याकाळची त्यायच्या जवसाच्या चटणीत कुटतो. भिवापूरची मिरची घातली का मंग त्यात काहीबी लपते. ट्रकवर जाताना आठ दिवसाची चटणी डब्यात देतो, आठ गोळ्या तिच्यात जातात."

"त्यांना माहीत आहे?"

"सांगतलं असतं तं खाल्लं असतं काय त्यायनं? मर्द मानूस बायकोच्या वाट्याचं खाईन काय?"

मी डोक्याला हात लावला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. महिन्यामागून महिने मी तिच्या गोळ्या मोजल्या आणि एकदाही माझं मोजणं चुकलं नाही. सकाळची एक, संध्याकाळची एक, उरल्या चार. बेरीज अगदी बरोबर होती, फक्त तोंडं दोन होती. आणि मला तिचा राग आला, खूप राग आला. माणूस स्वतः फसला की दुसऱ्यावर चिडतो, तसाच.

मी तिला ओरडून सांगितलं, की अर्ध्या औषधानं तू पण मरशील आणि तो पण. सापाला अर्धवट मारून सोडलं तर काय होतं? तिला साप लगेच समजला, शेतात राहिलेली बाई. मग म्हणाली, "मंग एकानंच जगायचं काय? तुमी शिकेल-सवरेल हा. तुमीच सांगा, कोनी."

शिकलेला-सवरलेला माणूस नियमाकडे वळला. नियमाप्रमाणे उत्तर होतं, ते मी दिलं: पूर्ण औषध तूच घ्यायचं. तिनं ऐकून घेतलं. पण नवऱ्याला काही मिळेपर्यंत ती एकटी पूर्ण औषध घेणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. जाताना एवढंच म्हणाली, "त्यायले तुमीच सांगा. माह्या तोंडानं नाई सांगनं होत."

त्या दुपारी घरी जेवायला बसलो. बायकोनं माझं ताट वाढलं आणि पोळ्या भाजायला परत ओट्याशी गेली. इतकी वर्षं ती माझ्यानंतर जेवते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मी म्हटलं, "तूही घे ताट, सोबत बस." तिनं पोळी उलटली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "ताप आहे का?"

रविवारी स्कूटर काढून वाडीला गेलो. अमरावती रोडनं नाक्याच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना गोदामं, रस्त्याकडेला ट्रकच ट्रक, डिझेलचा वास, टायरच्या दुकानांतली हातोड्यांची ठकठक. त्या दिवशी कुठलंसं गोदाम मिरचीचं होतं. पोती उतरवणारे हमाल तोंडाला फडकी बांधून शिंकत होते आणि शिंकता शिंकता हसत होते. देविदास आपल्या गाडीच्या सावलीत बसून ग्रीसचे हात चिंधीला पुसत होता. उंच, हडकुळा, मिश्यांना नीट पीळ दिलेला माणूस. मला पाहून उठला, चहा सांगितला. चहा येईपर्यंत मी हवापाण्याचं बोललो आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला. तो गाडीच्या पायरीवर टेकला. "म्हंजे मी बायकोच्या गोळ्या खाऊन राहिलो होतो?" एवढंच बोलला. मला त्याची इतकी दया आली की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं, असं मी मनात म्हटलं.

"आता तिची गोळी तिच्याच पोटात जाईन," तो म्हणाला. "ते माह्यावर सोडा."

"आणि तुम्ही?"

"माह्यं काय जी. मी अजून पुरेसा बिमार नाई ना."

हे त्यानं हसून म्हटलं. पण चहाचा कप त्यानं तसाच खाली ठेवला. परत येताना मला सगळा रस्ता त्या वाक्याची लाज वाटत होती, जणू तो नियम मीच केला होता.

त्यानंतर मिस कॉलचा कारभार सुरू झाला. दोघांनी एकेक जुना मोबाईल घेतला. देविदास कुठेही असो, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गाडी बाजूला लावायचा आणि शकुनला एक रिंग द्यायचा. त्याचा अर्थ, खाल्ली का? शकुन गोळी गिळायची आणि उलट दोन रिंग द्यायची. त्याचा अर्थ, खाल्ली. पैसे नाहीत, बोलणं नाही. सकाळच्या कॉलला ती सातऱ्यावर बसलेली असायची. पिशवीतला फोन वाजला की शेजारच्या बाया म्हणायच्या, "आला वं तुहा आठचा भोंगा!" त्यांना वाटायचं नवरा फार लाडाचा आहे. खोटं नव्हतंच ते. मी मोठमोठ्या प्रशिक्षणांना बसलो, रंगीत चित्रांचे तक्ते पाहिले; औषध वेळेवर घ्यायला लावायची याहून चांगली रीत मला कोणी शिकवली नाही.

पुढच्या तपासणीत शकुनचा नंबर एकशेनव्वद आला. त्याच्या पुढच्या वेळी दोनशेऐंशी. मी खिडकीतल्या खिडकीत उभा राहिलो आणि टाळी वाजवली. रांगेतल्या माणसांना कशाचं काही कळलं नाही, तरी दोघातिघांनी सोबत वाजवली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नशीब चांगलं. अर्ध्या गोळीनं विषाणू औषधाला सरावला असता तर हातात काही नव्हतं. नशीब म्हणा, आठचा भोंगा म्हणा.

राहिला देविदास. त्याचा नंबर दोनशेचाळीस झाला, मग दोनशेवीस. काय विचित्र दिवस होते ते. माणूस घसरण्याची आम्ही वाट पाहायचो, कारण घसरला की वाचवता येणार होता. शकुन यायची आणि माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत राहायची. आणि मग एका दुपारी दिल्लीहून नवा कागद आला. आता दोनशेच्या वर असलेल्यांनाही औषध द्यायचं. रेघ वर सरकली होती. देविदास तिच्याखाली यायच्या आधी रेघच त्याला ओलांडून गेली. मी तो कागद दोनदा वाचला आणि फोन लावला. तो ओडिशात कुठेतरी होता. चार दिवसांनी दोघं मिळून आली. मी खिडकीतून दोन डब्या पुढे सारल्या. शकुननं आपली डबी उजव्या हातात घेतली, त्याची डाव्या हातात, आणि दोन्ही पिशवीत एकीवर एक न ठेवता शेजारी शेजारी ठेवल्या.

पुढे रेघ आणखी वर गेली, आणि शेवटी पुसूनच टाकली. आता ज्या दिवशी निदान, त्या दिवसापासून औषध. दोन गोळ्यांची एक झाली. महिन्याची फेरी तीन महिन्यांवर गेली. विषाणू रक्तात दिसेनासा झाला की तो जोडीदाराकडे जात नाही, हे डॉक्टर आता छातीठोकपणे सांगतात. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला मी पट्टी आणि ट्रे दाखवला. ती मनापासून हसली. मला वाईट वाटलं नाही.

गच्चीवर मिरची राखताना मी कधी कधी विचार करतो, ती रेघ सरकवली कोणी? ती आपोआप सरकली नाही. कुठल्या तरी दूरच्या देशात आजारी माणसं रस्त्यावर बसली आणि औषध द्या म्हणाली. आफ्रिकेतल्या आयांनी आपली लेकरं कडेवर घेऊन मोर्चे काढले. आपल्याच देशातल्या कारखान्यांनी तीच गोळी इतक्या स्वस्तात केली की श्रीमंत देशांतल्या कंपन्यांना तोंड लपवायला जागा राहिली नाही. कोणी निधी उभा केला, कोणी वर्षानुवर्षं रक्ताचे नमुने तपासून दाखवून दिलं की लवकर औषध दिलं तर माणूस जास्त जगतो. त्यांतल्या कोणालाही भिवापूर माहीत नाही. आणि शकुनला तरी त्यांची नावं कुठे माहीत आहेत? माझ्यासारखे गोळ्या मोजणारे जगभर असतील. त्यांच्याही खिडकीवर अशी एखादी नेमकी बाई येत असेल, आणि तेही तिला शाबासकी देऊन मोकळे होत असतील. मला त्यांना एकदा सांगावंसं वाटतं, बाबांनो, डबीत जवस आहे का तेही बघा.

मधूनमधून पेपरात वाचतो, की मोठ्या देशांनी या कामासाठीचा हात आखडता घेतलाय, कुठे कुठे खिडक्या बंद पडताहेत. तेव्हा मात्र डोकं तापतं. बायको म्हणते, पेपर वाचून ओरडू नका, मिरची तुमच्या बाजूला आहे, नाकात जाईल. तिचं बरोबर असतं. तरी मी ओरडून घेतो, कारण घास तोंडाशी आला असताना ताट ओढणं काय असतं, हे मी पाहिलंय.

पण एकंदरीत मी समाधानी माणूस आहे. यंदा मिरची मागवण्याऐवजी स्वतःच आणायची म्हणून गेल्या आठवड्यात भिवापूरला गेलो. शकुनचा निरोपच होता, जेवायलाच या, बाईसाहेबांनाही आणा. बाईसाहेब लग्नाला रामटेकला गेल्या होत्या, म्हणून मी एकटा. भर दुपारची वेळ. सातऱ्यावर नजर पोचेल तिथवर लाल मिरची, मध्ये बायांच्या रंगीत लुगड्यांच्या ओळी. देविदासनं ट्रक कधीच सोडला. आता तो तिथेच राखणदार आहे. मिश्या पांढऱ्या झाल्यात, पीळ तोच. सातऱ्याला लागूनच असलेल्या त्याच्या अंगणात निंबाखाली बाजेवर आम्ही टेकलो. आतून फोडणीचा वास येत होता आणि शकुनच्या बांगड्यांचा आवाज. मुलगी नागपुरात नोकरी करते, तिचं बोलून झालं. कापसाचं झालं, उन्हाचं झालं. मग देविदास हाताची बोटं मोडत म्हणाला,

"साहेब, एक सांगू काय? तुमी तवा वाडीले आलते ना, चटणीचं सांगायले."

"हो."

"मले माहीत होतं."

मला आधी नीट कळलंच नाही.

"पहिल्याच खेपेले समजलं. रायपूरच्या अलीकडे डबा उघडला, घास घेतला अन् जिभेले कडू लागलं. तिची डबी मी रोज पाहत होतो, तो वास मले समजत नसन काय? लहान लेकरू होतो काय मी?"

"मग बोलले काहून नाही?" माझ्याही तोंडून त्याचीच भाषा निघाली.

तो मिरचीकडे बघत होता. "जगायचं होतं जी मले. माहीत होतं तिच्या वाट्याचं हाय. तिचा नंबर माह्यापेक्षा खाली हाय, हेबी माहीत होतं. तरी खाल्लं. रोज म्हनो, उद्या नाई खात. अन् उद्या पुन्हा बोटानं डबा पुसून खाओ. तुमी खांद्यावर हात ठेवला ना, तवा मले जमिनीत जावं वाटलं. आजवर कोनाले नाई बोललो. तिलेबी नाई."

मान वळवली तर दारात शकुन उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. ती कधीची उभी होती कोण जाणे. देविदासनंही तिला पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

ती पुढे आली. तांब्या बाजेशी ठेवला.

"भाजीचा डबा अर्धा वापस येत होता," ती म्हणाली, "अन् चटणीचा धुतल्यावानी लख्ख. मले समजलं नसन काय, तुमाले माहीत हाय म्हून?"

"मंग?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"मंग काय. तुमाले जगायचं हाय, हे पाहूनच तं मले धीर येत होता. नाईतं मी कोनासाठी कुटत होती? उठा आता. साहेबाले हात धुवायले पानी द्या, भाकरी थंड्या होऊन राहिल्या."